कार्बन अब्जांश नलिका

कार्बन अब्जांश नलिका, अर्थात प्रचलित भाषेत कार्बन नॅनोट्यूब, हे कार्बन या मूलद्रव्याचे पोकळ नळीच्या आकाराचे एक रूप आहे. या नळ्यांचा व्यास साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर इतका असतो. १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून या नळ्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येते. वजनाला अत्यंत हलक्या, पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत आणि विजेच्या उत्तम वाहक असल्यामुळे विद्युतघट, प्लास्टिक व संमिश्र पदार्थ, संवेदक, जलशुद्धी अशा अनेक क्षेत्रांत त्यांचा उपयोग होतो किंवा होऊ शकतो. मात्र त्यांतील काही प्रकारांचे लांब, ताठ व न विरघळणारे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास ॲस्बेस्टॉससारखे विकार उद्भवू शकतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यामुळे या पदार्थाची सुरक्षितता हा रसायनशास्त्र, विषशास्त्र आणि कामगार आरोग्य या तिन्ही शाखांत अभ्यासाचा व वादाचा विषय ठरला आहे.

रचना

शिसपेन्सिलीत वापरले जाणारे ग्रॅफाइट हे कार्बनच्या एकावर एक रचलेल्या पातळ थरांचे बनलेले असते. प्रत्येक थरात कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी जाळीत बांधलेले असतात. असा एकच थर सुटा केला तर त्यास ग्रॅफीन म्हणतात. हाच थर चटईप्रमाणे गुंडाळून त्याच्या कडा एकमेकींस जोडल्या आहेत अशी कल्पना केल्यास कार्बन नलिकेचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात थर गुंडाळून नळी बनत नाही. ती अणूला अणू जोडला जाऊन वाढते.

नलिकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकाच थराच्या नलिकेस एकपदरी नलिका म्हणतात. तिचा व्यास १ नॅनोमीटरच्या आसपास असतो. एकात एक बसविलेल्या अनेक नळ्यांच्या नलिकेस बहुपदरी नलिका म्हणतात. तिच्या लगतच्या दोन पदरांमध्ये सुमारे ०.३४ नॅनोमीटर अंतर असते. लांबी मात्र व्यासाच्या हजारो पट असू शकते.

षट्कोनी जाळी कोणत्या कोनात वळली आहे यावर एकपदरी नलिकेचे विद्युत गुणधर्म ठरतात. सर्व शक्य रचनांपैकी सुमारे एकतृतीयांश नलिका धातूप्रमाणे वीजवाहक असतात, तर उरलेल्या अर्धवाहक असतात. ताण सहन करण्याच्या बाबतीत या नलिका असामान्य आहेत. त्यांचा यंग गुणांक सुमारे १,००० गिगापास्कल इतका मोजला गेला आहे. पोलादाचा हा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो.

इतिहास

१९५२ मध्ये रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी पोकळ कार्बन तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. रशियन भाषेतील हा लेख पाश्चात्त्य जगात फारसा पोहोचला नाही. १९७६ मध्ये ओबर्लिन, एंडो आणि कोयामा यांनीही अशा तंतूंचे वर्णन केले. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी ६० कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूचा, म्हणजे फुलरीनचा, शोध लावला. या शोधाबद्दल त्यांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फुलरीनच्या शोधानंतर कार्बनच्या नव्या रूपांकडे जगाचे लक्ष वळले. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये बहुपदरी नलिकांचे सविस्तर वर्णन केले आणि या विषयास खरी चालना मिळाली. १९९३ मध्ये इजिमा व इचिहाशी यांनी, तसेच स्वतंत्रपणे अमेरिकेतील बेथ्युन व सहकाऱ्यांनी, एकपदरी नलिका तयार केल्या.

माणसाने या नलिका नकळत त्याआधीच कितीतरी वर्षे तयार केल्या होत्या. दमास्कस येथील प्रसिद्ध पोलादी तलवारींच्या परंपरेतील १७ व्या शतकातील एका तलवारीत कार्बन नलिका असल्याचे जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. या तलवारींसाठी लागणारे वूट्झ पोलाद दक्षिण भारतातून व दख्खनमधून जात असे. तमिळनाडूतील कीळडी येथील उत्खननात सापडलेल्या, सुमारे २,६०० वर्षांपूर्वीच्या मृद्भांड्यांच्या काळ्या लेपातही अशा नलिका आढळल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

निर्मिती

कार्बन नलिका तीन प्रमुख पद्धतींनी तयार केल्या जातात. पहिल्या पद्धतीत ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विद्युत ठिणगीची कमान निर्माण करतात. दुसऱ्या पद्धतीत लेसर किरणांनी ग्रॅफाइटची वाफ करतात. तिसऱ्या पद्धतीत कार्बनयुक्त वायू किंवा वाफ तापलेल्या भट्टीतून उत्प्रेरक धातूवरून नेतात. तिला रासायनिक बाष्प निक्षेपण असे म्हणतात. उद्योगात मुख्यतः ही तिसरी पद्धत वापरली जाते, कारण तिला तुलनेने कमी तापमान लागते आणि माल मोठ्या प्रमाणात तयार होतो.

उत्प्रेरक म्हणून लोह, कोबाल्ट किंवा निकेल यांचे अतिसूक्ष्म कण वापरतात. वाफेतील कार्बन या कणात विरघळतो आणि कण संपृक्त झाल्यावर त्याच्या पृष्ठभागावरून नळीच्या रूपाने बाहेर पडू लागतो. कणाचा आकार जेवढा, साधारण तेवढाच नळीचा व्यास. तयार मालात हे धातूकण काही प्रमाणात शिल्लक राहतात. ते काढून टाकण्यासाठी आम्लाने धुवावे लागते. सुरक्षिततेच्या चर्चेत या उरलेल्या धातूंना महत्त्व आहे.

कापरापासून नलिका : महाराष्ट्रातील संशोधन

नलिकांसाठी लागणारा कार्बन सहसा मिथेन, ॲसिटिलीन, बेंझीन यांसारख्या खनिज इंधनजन्य पदार्थांतून घेतला जातो. त्याऐवजी वनस्पतिजन्य पदार्थ वापरण्याचा मार्ग मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोखाळला. के. मुखोपाध्याय, के. एम. कृष्ण व शेरॉन यांनी १९९४ मध्ये कापरापासून फुलरीन मिळविल्याचे 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आरतीच्या तबकात जळताना भरपूर काजळी सोडणारा कापूर अशा रीतीने पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आला.

कापराच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. वजनाने पाहिल्यास त्यात सुमारे ७९ टक्के कार्बन भरतो. कापूर घनरूपातून थेट वाफेत जातो, त्यामुळे भट्टीत सोडणे सोपे पडते. शिवाय रेणूतील ऑक्सिजन नको असलेली अव्यवस्थित काजळी जाळून टाकण्यास मदत करतो, असे या विषयातील संशोधकांचे मत आहे. मुकुल कुमार आणि योशिनोरी अंदो यांनी जपानमधील नागोया येथील मेइजो विद्यापीठात २००३ पासून कापरापासून एकपदरी व बहुपदरी नलिका तयार करण्याची पद्धत विकसित केली. लोह व कोबाल्ट बसविलेल्या झिओलाइट या सच्छिद्र खनिजावर सुमारे ६५० अंश सेल्सिअसला कापराची वाफ सोडली असता बहुपदरी नलिका चांगल्या प्रमाणात मिळतात, असे त्यांनी दाखविले. टर्पेंटाइनसारख्या वनस्पतिजन्य तेलापासूनही नलिका तयार करण्यात भारतीय व जपानी संशोधकांनी मिळून यश मिळविले.

महेश्वर शेरॉन व माधुरी शेरॉन यांचा 'कार्बन नॅनो फॉर्म्स अँड ॲप्लिकेशन्स' हा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोलापूरच्या वालचंद महाविद्यालयातील अब्जांश तंत्रज्ञान संशोधन केंद्राशीही या दोघांचे नाव निगडित आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विजयमोहनन पिल्लई व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बहुपदरी नलिका विद्युत-रासायनिक पद्धतीने उभ्या चिरून त्यांच्यापासून ग्रॅफीनच्या पट्ट्या मिळविल्या.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नलिका कापरापासून किंवा झाडाच्या तेलापासून तयार झाली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या नलिकेत कापराचा अंशही उरत नाही. ती खनिज वायूपासून बनलेल्या नलिकेसारखीच कार्बनची नळी असते. तिचा धोका तिच्या उगमावर अवलंबून नसून लांबी, जाडी, ताठपणा आणि शुद्धता यांवर अवलंबून असतो. वनस्पतिजन्य कच्च्या मालाचा लाभ खनिज इंधनाची बचत हा आहे. कामगाराच्या फुफ्फुसाचे रक्षण त्याने आपोआप होत नाही.

उपयोग

सध्या या नलिकांचा मोठा वापर लिथियम-आयन विद्युतघटांत होतो. विद्युताग्रातील कणांमध्ये वीज सहज वाहावी म्हणून बहुपदरी नलिका अल्प प्रमाणात मिसळतात. प्लास्टिकमध्ये मिसळल्यास त्यावर स्थिर विद्युत साचत नाही. क्रीडासाहित्य, विमानांचे व पवनचक्क्यांचे भाग यांसाठी लागणाऱ्या संमिश्र पदार्थांना त्यांनी बळकटी येते.

वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील अंचल श्रीवास्तव, ओ. एन. श्रीवास्तव आणि अमेरिकेतील पुलिकल अजयन आदींनी २००४ मध्ये नलिकांची गाळणी तयार करून पाण्यातील जीवाणू वेगळे करून दाखविले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद व शंकर घोष यांनी २००३ मध्ये नलिकांवरून द्रव वाहिल्यास वीज निर्माण होते, असे दाखवून प्रवाहमापक संवेदकाचा मार्ग खुला केला. २०१९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १४,००० हून अधिक नलिका-ट्रान्झिस्टर असलेली संगणक-चिप तयार झाली.

आरोग्यविषयक धोके

तंतूंचा धडा

तंतुमय धुळीने फुफ्फुसे निकामी होतात, हे माणसाला जुनेच ठाऊक आहे. भडगाव, पाचोरा, जळगाव या खानदेशी कापूसपट्ट्यात सरकी काढण्याच्या जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारी कापसाची धूळ सर्वांच्या परिचयाची आहे. कापूस पिंजणे व कातणे या कामांत वर्षानुवर्षे अशी धूळ श्वासावाटे गेल्यास छाती आवळल्यासारखी वाटणे व दम लागणे ही लक्षणे असलेला बायसिनोसिस हा विकार जडतो. तथापि कापसाचे तंतू कार्बन नलिकांच्या मानाने फार जाड असतात. नलिकांची खरी तुलना होते ती ॲस्बेस्टॉसशी.

ॲस्बेस्टॉसचे तंतू बारीक असतात, म्हणून ते फुफ्फुसात खोलवर जातात. ते लांब असतात, म्हणून शरीराला बाहेर काढता येत नाहीत. ते टिकाऊ असतात, म्हणून तेथे विरघळतही नाहीत. बारीकपणा, लांबी आणि टिकाऊपणा ही त्रयी ज्या तंतूत एकत्र येते तो तंतू धोकादायक, असे विषशास्त्राचे सूत्र आहे. ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब, ३ मायक्रोमीटरपेक्षा कमी जाड आणि जाडीच्या किमान तिप्पट लांब असलेला तंतू मोजणीसाठी धरावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. काही कार्बन नलिका या निकषात तंतोतंत बसतात.

शरीरात काय घडते

फुफ्फुसाच्या वायुकोशांत भक्षक पेशी पहारा देत असतात. बाहेरून आलेला कण त्या गिळतात व वाहून नेतात. या पेशींचा आकार साधारण १० ते २० मायक्रोमीटर असतो. तंतू त्याहून लांब व ताठ असल्यास पेशी त्यास पूर्ण गिळू शकत नाही. तंतूचे टोक बाहेरच राहते, पेशीतून दाहजनक द्रव्ये पाझरत राहतात आणि आसपासच्या ऊतींना इजा होते. यास अपुरे भक्षण म्हणता येईल. फुफ्फुसावरणाच्या सूक्ष्म छिद्रांतून असे लांब तंतू बाहेर पडू शकत नाहीत. तेथेच अडकून वर्षानुवर्षे दाह होत राहिल्यास मेसोथेलिओमा हा आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. याउलट आखूड किंवा सुताच्या गुंत्यासारख्या वेटोळ्या झालेल्या नलिका पेशी तुलनेने सहज गिळतात.

महत्त्वाचे अभ्यास

एकपदरी नलिका उंदीर व घुशींच्या फुफ्फुसांत सोडल्यावर गाठी निर्माण होतात, असे २००४ मध्ये दोन स्वतंत्र अमेरिकी अभ्यासांत आढळले. २००८ मध्ये एडिंबरा येथील केन डोनाल्डसन, क्रेग पोलंड व सहकाऱ्यांनी लांब बहुपदरी नलिका उंदरांच्या उदरपोकळीत टोचल्या. तेथील आवरणावर ॲस्बेस्टॉससारखाच दाह व गाठी निर्माण झाल्या. आखूड किंवा गुंतलेल्या नलिकांनी तसे घडले नाही. याच वर्षी जपानमधील ताकागी व सहकाऱ्यांना, कर्करोगप्रवण उंदरांत अशा नलिकांमुळे मेसोथेलिओमा होतो असे आढळले. या प्रयोगांत नलिका टोचून देण्यात आल्या होत्या आणि मात्रा मोठी होती, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. मात्र २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षे केवळ श्वासावाटे बहुपदरी नलिका दिलेल्या घुशींतही फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले.

दिलासा देणारे निष्कर्षही आहेत. व्हॅलेरियन कॅगन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविले की पांढऱ्या रक्तपेशींतील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर एकपदरी नलिकांचे विघटन करू शकते. नलिकांच्या पृष्ठभागावर योग्य रासायनिक गट जोडले असता त्या आखूड व सुट्या होतात आणि ॲस्बेस्टॉससारखा परिणाम कमी होतो, असे २०१३ मधील एका अभ्यासात आढळले. म्हणजेच नलिका कशी घडवावी हे ठरविणारा रसायनशास्त्रज्ञ तिचा धोकाही काही अंशी ठरवीत असतो.

माणसांवरील परिणाम

नलिकांच्या कारखान्यांतील कामगारांच्या काही लहान पाहण्यांत दाह दर्शविणाऱ्या घटकांचे प्रमाण वाढलेले आढळले. कर्करोगाचा पुरावा माणसांत मिळालेला नाही. परंतु या अभावाचा अर्थ जपून लावावा लागतो. ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्यापासून मेसोथेलिओमा उघड होण्यास २० ते ५० वर्षे लागू शकतात. नलिकांचे औद्योगिक उत्पादन मात्र २१ व्या शतकातच खऱ्या अर्थाने वाढले. आज भट्टीपाशी उभा असलेला तरुण कामगार निवृत्त होईपर्यंत याचे पूर्ण उत्तर मिळणार नाही, आणि उत्तराची वाट पाहत त्याला असुरक्षित ठेवणेही योग्य नाही.

कारखान्याबाहेरही या नलिका आढळतात. इंधन जळताना निघणाऱ्या काजळीत, अगदी गॅसच्या शेगडीच्या ज्योतीतही, त्या अल्प प्रमाणात बनतात. २०१५ मध्ये पॅरिसमधील दमेकरी बालकांच्या श्वासमार्गात वाहनांच्या धुरातील नलिकांसारख्या नलिका आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांचा दम्याशी कार्यकारणसंबंध मात्र या अभ्यासाने सिद्ध केलेला नाही.

नियमन

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य राष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये ८ तासांच्या पाळीसाठी दर घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली. हलके काम करणारा माणूस एका पाळीत सुमारे १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसभरात सुमारे १० मायक्रोग्रॅम. खाण्याच्या मिठाचा एक कण सुमारे ६० मायक्रोग्रॅम वजनाचा असतो. त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकी ही मात्रा झाली. उपलब्ध उपकरणांनी विश्वासाने मोजता येईल अशी सर्वांत कमी पातळी म्हणून ही मर्यादा निवडण्यात आली. तिच्याखाली धोका शून्य होतो, असा तिचा अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या विशिष्ट बहुपदरी नलिकेचा समावेश 'मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या २ब गटात केला. अन्य नलिकांबाबत पुरावा अपुरा असल्याने त्यांना गट ३ मध्ये ठेवले. ३० नॅनोमीटर वा अधिक जाड आणि ५ मायक्रोमीटर वा अधिक लांब अशा बहुपदरी नलिकांना कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत करावे, असे मत युरोपीय रसायन संस्थेच्या जोखीम-मूल्यमापन समितीने २०२२ मध्ये दिले.

भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉस, सिलिका इत्यादींच्या हवेतील मर्यादा दिल्या होत्या. कार्बन नलिकांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नव्हता. २००७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या नॅनो मिशनने प्रयोगशाळा व उद्योगांतील सुरक्षित हाताळणीविषयी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा तयार केला. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिलेला निर्णय येथे स्मरणीय आहे. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून न्यायालयाने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. उशिरा प्रकटणाऱ्या रोगांच्या बाबतीत अशा नोंदीच भावी पिढीला पुरावा पुरवितात.

मतभेद

स्वीडनमधील केमसेक या संस्थेने २०१९ मध्ये कार्बन नलिकांना, वापरातून वगळावयाच्या रसायनांच्या आपल्या यादीत स्थान दिले. तेथे समाविष्ट झालेला हा पहिलाच अब्जांश पदार्थ होय. त्यावर डॅनियल हेलर यांच्यासह अनेक संशोधकांनी २०२० मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात आक्षेप नोंदविला. कार्बन नलिका हा एकच पदार्थ नसून पदार्थांचे कुल आहे. एका सभासदाच्या दोषासाठी सर्व कुलाला शिक्षा देणे शास्त्रीय नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. यादीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र तपासणी होईपर्यंत दशके जातील आणि सावधगिरीचा काळ निघून जाईल.

सुरक्षित हाताळणी

सर्वाधिक धोका कोरडी, सुटी भुकटी हाताळताना असतो. भट्टी उघडणे, माल खरवडणे, तोलणे, पिशवीत भरणे व सांडलेले झाडणे ही कामे त्यात येतात. ती बंदिस्त कपाटात, हवा शोषून गाळणाऱ्या यंत्रणेखाली करावीत. भुकटीऐवजी द्रवात कालवलेला माल वापरणे अधिक सुरक्षित असते. झाडूने किंवा दाबाच्या हवेने सफाई करू नये. ओल्या फडक्याने किंवा अतिसूक्ष्म कण अडविणारी गाळणी बसविलेल्या यंत्राने करावी. साध्या कापडी मुखपट्टीने हे कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ वा त्याहून उच्च दर्जाची, चेहऱ्याला नीट बसणारी मुखपट्टी लागते. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, कारण ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत कपड्यांवरील धुळीने कामगारांच्या कुटुंबीयांनाही रोग जडल्याची उदाहरणे आहेत.

तयार वस्तूतील नलिका प्लास्टिक वा राळेत घट्ट बसलेल्या असतात, म्हणून सामान्य वापरात त्यांचा धोका अत्यल्प मानला जातो. मात्र अशा वस्तू कापताना, घासताना, भोके पाडताना आणि अखेरीस त्या भंगारात मोडताना वा जाळताना धूळ बाहेर पडू शकते. भंगार वेचणारे व तोडणारे हात कारखान्याच्या नोंदवहीत नसतात. नलिकांच्या आयुष्याच्या या शेवटच्या टप्प्याचा अभ्यास निर्मितीच्या मानाने पुष्कळच कमी झाला आहे.